लिंबाजी जीनगराकडे दिलेली पेटी

लिंबाजी जीनगराकडे कोणी जुनी कातडी पेटी घेऊन गेलं, की तो माणसाला 'या, बसा' म्हणत नसे. आधी पेटीचं झाकण उघडायचा, डोळे मिटायचा आणि आख्खं डोकं आत घालायचा. बाहेर राहायची फक्त त्याची वाळकी मान आणि तिच्यावर आलेली पांढरी शेंडी. बराच वेळ तो तसाच बसे. समोरचा माणूस अवघडून जाई, खोकून पाही, निघून जावं की काय अशा विचारात पडे. मग लिंबाजी डोकं बाहेर काढून निकाल सांगायचा.

"हिच्यात लोनचं ठिवलतं."

"नाही हो बाबा. वडिलांचे कपडे असायचे हिच्यात."

"आंब्याचं लोनचं. आन ते सांडलतं. मग तुमी फडक्यानं पुसली आन उनात ठिवली. व्हय का न्हाई?"

माणूस पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागे. लोणचं सांडलेलं असे, पेटी उन्हात ठेवलेलीही असे. त्यानंतर लिंबाजी जे बोले ते ऐकण्यापेक्षा पेटी नदीत टाकलेली बरी असं वाटे. ऊन हा त्याचा जन्माचा वैरी होता. "कातड्याला ऊन म्हंजे इस्तू," तो म्हणायचा, "सावलीत वाळवा. सावलीत!" हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी काही बोललो नसतो. पण तो सावलीचा उपाय सगळ्यालाच सांगे. कोणाची सून रुसून माहेरी गेली, "आठ दिस सावलीत ऱ्हाऊ द्या, येती." कोणाच्या बैलाला खुरकूत झाली, सावलीत बांधा. आमच्या कचेरीतल्या एका कारकुनाची बढती अडली, त्यालाही या गृहस्थानं सावलीत राहण्याचा सल्ला दिला होता. त्या कारकुनानं तो मनावर घेतला आणि आठवडाभर कचेरीतच आला नाही, ही गोष्ट वेगळी.

मी तेव्हाही गेवराईच्या तहसील कचेरीत मुन्शीच होतो. निजामाचं राज्य, सगळं कामकाज उर्दूतून, आणि माझं उर्दू अक्षर बरं म्हणून मला सगळे 'मुन्शीजी' म्हणत. लिंबाजीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, वेशीजवळ होतं. पूर्वी तो घोड्यांची खोगिरं करायचा. पण गावात घोडे कमी झाले तशी खोगिरंही कमी झाली आणि त्यानं जुन्या पेट्या नव्या करण्याचं काम धरलं. तलवाडा, उमापूर, पार शिरूरपासून लोक त्याच्याकडे पेट्या आणत. काम असं करायचा की आजोबाच्या लग्नातली पेटी नातवाच्या लग्नात मिरवावी. त्याच्या हाताबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार त्याच्याबद्दल आहे.

मला त्याच्याकडे जावं लागलं ते असं. माझे वडील महसूल खात्यात गिरदावर होते. गावोगाव फिरताना त्यांच्याबरोबर एक कातडी पेटी असे, वरून तांबूस, पितळी कड्यांची, आतून लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या मशरूच्या रेशमी कापडाचं अस्तर. वडील गेल्यावर ती माळ्यावर पडली. आणि त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मला हैदराबादेहून बोलावणं आलं. पेशकाराची, म्हणजे साहेबांपुढे कागद मांडणाऱ्या कारकुनाची, जागा रिकामी होती, मोठ्या साहेबांपुढे कागद घेऊन हजर व्हायचं होतं. दहा वर्षं मी त्या जागेची वाट पाहत होतो. कागद काय धोतरात गुंडाळून न्यायचे? मी पेटी काढली. चार पावसाळ्यांची बुरशी चढलेली, कातडं तडकलेलं, अस्तर फाटून लोंबत होतं. तारखेला महिना होता. महिन्यात काय, घर बांधून होतं, अशा हिशेबानं मी ती लिंबाजीकडे नेली.

त्यानं डोकं आत घातलं.

"तंबाकू," तो आतूनच म्हणाला. "आन कापूर. आन एकदा हिच्यात वल्लं धोतर ऱ्हायलतं."

वडिलांच्या धोतराची अशी बदनामी मी निमूट ऐकून घेतली, कारण गरज मला होती. "महिन्यात व्हायला पाहिजे बाबा. हैदराबादेला जायचंय. पेशकारीचा प्रश्न आहे."

"म्हैना?" तो हसला. "पंधरा दिसात घेऊन जा की."

हे वाक्य मी मनात जपून ठेवलं. पुढे त्याच्याच तोंडावर फेकायला उपयोगी पडलं.

आठ दिवसांनी गेलो. पेटी पडवीत सावलीत पडली होती. कोरड्या कुंच्यानं बुरशी झाडून काढली होती, आणि आत एका पुरचुंडीत कोळसे बांधून ठेवले होते, वास ओढून घ्यायला. लिंबाजी बोटानं तेल लावत होता. मेण आणि जवसाचं तेल एकत्र तापवून केलेलं काहीतरी. फडक्यानं लावत नसे. बोटाच्या टोकावर हरभऱ्याएवढं घ्यायचं आणि दुपारभर एवढीएवढीशी जागा चोळायची. "फडकं तेल पितं, कातडं उपाशी ऱ्हातं," तो म्हणाला. कातडं खरंच तुकतुकीत दिसायला लागलं होतं. मी खुशीत घरी आलो.

पंधराव्या दिवशी गेलो. बाहेरून पेटी अशी झाली होती की माझे वडील ओळखू शकले नसते. "झाली ना?" मी हात पुढे केला.

"झालीच हाय. फकस्त अस्तर ऱ्हायलंय."

अठराव्या दिवशी गेलो. अस्तर ऱ्हायलंय. बाविसाव्या दिवशी कचेरीतून भर दुपारी गेलो, तर दाराला आतून कडी. मी कडी वाजवली, हाका मारल्या. आत कोणीतरी होतं, कारण खाट करकरल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. दार काही उघडलं नाही. शेजारचा कुंभार चाकावरून मान न वळवता म्हणाला, "दुपारचं न्हाई उघडत त्यो. झोपतो. दोन साल झाले, रोजचंच हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे पेशकारी टांगणीला लागली आहे आणि हा माणूस दुपारच्या झोपा काढतो! संध्याकाळी परत गेलो आणि त्याचं ते पंधरा दिवसांचं वाक्य त्याला ऐकवलं.

"बरुबर हाय," तो शांतपणे म्हणाला. "कातडं पंधरा दिसातच झालं. अस्तराचं म्या कुटं बोललो?"

त्याच वेळी तलवाड्याचे एक देशमुख आपली पेटी न्यायला आले होते. आता इथे लिंबाजीचा दुसरा तऱ्हेवाईकपणा सांगायला हवा. तयार पेटी देताना तो गिऱ्हाइकाला झाकण उघडायला लावी आणि अस्तर कसं आहे ते विचारी. देशमुख म्हणाले, "चांगलं आहे."

"मोठ्यानं बोला मालक."

"चांगलं आहे म्हटलं ना."

"आसं न्हाई. टाके बघा. मंग सांगा. आतमदी ऐकू गेलं पाह्यजे."

देशमुखांना कोणी आजवर असं दरडावलं नसेल. पण पेटी त्याच्या हातात होती. बिचारे चावडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "टाके फार सुरेख आहेत हो!" आत, तरटाच्या पडद्यामागे, लिंबाजीची बायको राहीमावशी बसत असे. कातडं लिंबाजीचं आणि कापड राहीमावशीचं, अशी त्यांच्या घरची वाटणीच होती. तिनं अस्तर उसवायचं, रिठ्याच्या पाण्यात धुवायचं, फाटलेलं सांधून पुन्हा पेटीत शिवायचं. मी मनात म्हटलं, नवरा-बायको दोघंही कौतुकाचे भुकेले दिसतात. त्यापायी लोकांना घसा कोरडा करायला लावतात.

तारीख जवळ आली. जालन्याला आगगाडी धरायची होती, त्यासाठी पहाटेच बैलांच्या दमणीनं शहागडला जाऊन नावेनं गोदावरी उतरायची. निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी लिंबाजीच्या दारात उभा राहिलो तो भांडायच्या तयारीनं. लिंबाजी नव्हता. मेण आणायला उमापूरच्या बाजाराला गेला होता. मी ओट्यावरच कपाळाला हात लावला आणि जे तोंडाला येईल ते बोललो.

तरटाचा पडदा हलला. राहीमावशी पेटी घेऊन बाहेर आली. ठेंगणी, कपाळभर कुंकू, डोक्यावरून पदर.

"कावून वरडता मुन्शीजी? रोज ऐकती म्या आतून. पेटी झाली हाय की. परवाच्यालाच अस्तर शिवलंय. त्यो उगंच धरून बसतोय."

तिनं पेटी पुढे केली. मान बाजूला वळवून, माझ्या शेजारच्या खांबाकडे बघत. परपुरुषासमोर बायका अशाच उभ्या राहतात, त्यात मला काही वेगळं वाटलं नाही. मी पेटी घेतली, 'उपकार झाले मावशी' म्हटलं आणि जवळजवळ पळतच घरी आलो.

घरी येऊन झाकण उघडलं.

काय सांगू! मशरू धुऊन लखलखीत झालं होतं, पण त्याचे पट्टे एका बाजूनं आडवे आणि दुसऱ्या बाजूनं उभे. टाके एकीकडे बोटभर, दुसरीकडे एकावर एक चढलेले. कागद ठेवायचा मोठा खिसा वरून शिवून बंद केलेला आणि खालून उघडा. लहान खिशात बोट घातलं तर ते अस्तराच्या मागे थेट लाकडाला लागलं. एका कोपऱ्यात सुईसुद्धा तशीच टोचलेली, दोऱ्यासकट. आमच्या मंडळींनी डोकावून पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. त्या हसल्या म्हटल्यावर माझा उरलासुरला संयम संपला. पेटी काखोटीला मारली आणि पुन्हा वेस गाठली. वाटेत मी जी भाषणं तयार केली ती साहेबांपुढे केली असती तर तहसीलदारच झालो असतो.

लिंबाजी नुकताच बाजारातून आला होता. पडवीत पाय धूत होता.

"हे अस्तर आहे का थट्टा आहे?" मी पेटी त्याच्यापुढे आपटली. "दोन महिन्यांच्या पोरानं—"

त्यानं उघडी पेटी पाहिली आणि त्याचा चेहरा एकदम पडला. तांब्या तसाच हातातून सुटला. ओल्या पायांनी तो माझ्याजवळ आला, दोन्ही हात जोडले आणि मान हलवली. सगळ्या गिऱ्हाइकांना ओरडायला लावणारा हा माणूस मला गप्प राहायला विनवत होता.

"कोन हाय? मुन्शीजी का?" पडद्यातून राहीमावशी बाहेर आली. "काय झालं अस्तराला?"

मी समोर उभा होतो, आणि ती विचारत होती मघाच्याच त्या खांबाला. भरदिवसा, चार हातांवरून. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. तिच्या दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय होती. सकाळी ती इतक्याच जवळ उभी होती आणि मी पेटीकडे बघत होतो.

लिंबाजीचे हात अजून जोडलेलेच होते.

"काही नाही मावशी," मी म्हणालो. "लिंबाजीबाबा घरात नव्हते ना सकाळी, म्हणून त्यांना सांगायला आलो. अस्तर फार सुरेख झालंय."

"मोठा खिसा बघितला का? कागदं जास्ती असतील म्हनून ऐसपैस ठिवलाय."

"बघितला. तसा खिसा मी अजून पाहिला नाही."

हे तर खरंच होतं. ती हसली आणि भिंतीला हात लावत आत गेली.

लिंबाजी मला कुंभाराच्या भट्टीपर्यंत पोचवायला आला. तिथं आडोशाला उभा राहून तो खालच्या आवाजात बोलला. मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वीच पिकला होता. "कमी दिसतंय हे तिला ठावं हाय. पर बोटं सरळ चालतात आसं वाटतंय तिला. चाळीस साल शिवलंय तिनं. म्या कसं सांगू का आता ऱ्हाऊ दे म्हनून? ती शिवती. दुपारी मारुतीच्या देवळात पोथी ऐकाया जाती, तवा म्या दार लावून समदं उसवतो आन पुन्ना शिवतो. माझे हे हात कातड्याचा टोच्या धरनारे. बारीक सुई सापडत न्हाई बोटात. येक अस्तर तिचं, येक माझं. मंग उशीर व्हनारच की, मुन्शीजी."

मी आपला मुन्शी, म्हणालो, "मग हे आता उसवून द्या."

"ती घरात हाय. पोथी आज न्हाई. उद्या दुपारी देतो."

उद्या दुपारी मी गोदावरीपलीकडे असणार होतो. मी पेटी उचलली.

हैदराबादेत साहेबांनी वडिलांच्या नोकरीचा दाखला मागितला. तो खालून उघड्या खिशातून निसटून अस्तराच्या मागे गेला होता. मी कोपरापर्यंत हात पेटीत घातला आणि तो शोधत राहिलो. साहेब बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "मुन्शीजी, यह पेटी है या कुआँ?" सगळे हसले. दाखला निघाला, पण मशरूसकट. पेशकारी दुसऱ्याच कोणाला मिळाली. अस्तरामुळे गेली असं मी पुढे बरीच वर्षं सांगत असे. खरं तर त्या दुसऱ्याचं उर्दू माझ्याहून चांगलं होतं. पण रागवायला मला पेटीच सोयीची होती. परत आल्यावर मी ती माळ्यावर फेकली. लिंबाजीनं दोनदा निरोप धाडला, पेटी द्या, उसवून नीट करतो म्हणून. मी फुगून बसलो होतो, दिली नाही.

पुढच्या थंडीत राहीमावशी गेली. तीन दिवसांचा ताप, बस. मी जाऊन बसून आलो. लिंबाजी पडवीत बसला होता, समोर कोणाचीतरी अर्धी तेल लावलेली पेटी. कोणी काही विचारलं तरी मान हलवायचा. एकदाही सावलीचं नाव काढलं नाही.

चौदाव्या दिवशी तो माझ्या दारात आला.

"मुन्शीजी, ती पेटी हाय का? का टाकली?"

मला वाटलं, राहिलेलं काम पुरं करायला आला. मी माळ्यावरून पेटी काढली, धूळ झटकली आणि म्हणालो, "आता काय घाई आहे बाबा. उसवा सावकाश."

त्यानं झाकण उघडलं. डोकं आत घातलं नाही. नुसता हात ठेवला, त्या वरून बंद शिवलेल्या खिशावर. मग बोट टाक्यांवरून चालवत नेलं, जिथे टाके चढले होते तिथे थांबत, जिथे सुटले होते तिथे थांबत.

"नदरंला दिसत हुतं तवाचं तिचं शिवलेलं गावोगाव हाय," तो म्हणाला. "पर दिसत नव्हतं तवाचं कायबी ऱ्हायलं न्हाई. जेवडं शिवलं तेवडं म्या माज्या हातानं उसवलं, मुन्शीजी. दोन साल. दोरासुदीक ठिवला न्हाई. येवडंच सुटलं."

आणि तो रडायला लागला. पेटीवर पाणी पडू नये म्हणून तोंड बाजूला करून रडत होता.

मी म्हटलं, "बाबा, घेऊन जा ही पेटी. तुमचीच आहे." मनापासून म्हटलं. त्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी पेटी उन्हात ठेवायला सांगितली.

"गिऱ्हाइकाची पेटी म्या घरात कशी ठिवू? मेन संपलं आसंल कातड्याचं. म्हैन्याला येकदा हात फिरवाया पाह्यजे. म्या येत जाईन."

तेव्हापासून तो येतो. दर महिन्याला, पुरचुंडीत मेण-तेल घेऊन. त्या पेटीला आता इतकं तेल पाजलंय की ती हातातून निसटते. आमच्या घरातल्या प्रत्येक कागदाला जवसाच्या तेलाचा वास येतो, कचेरीत माझ्या अर्जांवर डाग पडतात आणि तहसीलदार साहेब मला विचारतात, मुन्शीजी, भजी खाता खाता लिहिता का? मंडळी कुरकुरतात. मीही त्याच्या तोंडावर कुरकुर करतो, कारण नाही केली तर तो ओशाळेल आणि यायचा बंद होईल. बाहेरून तेल लावायला त्याला थोडाच वेळ लागतो. मग तो झाकण उघडतो.

तो यायचा असतो त्या दिवशी मी सकाळीच पेटीतले कागद काढून ठेवतो. तो आला की ती त्याच्यापुढे ठेवतो, मनाला लागेल असं काहीतरी बोलतो, आणि मागच्या विहिरीवर जाऊन, रांजण भरलेले असले तरी, पाणी काढत राहतो.